तीन पायऱ्यांचा ओटा

भिकाजी सुताराची एक खोड होती. नकाशा त्याला कळायचा, पण पटायचा नाही.

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका भाड्याच्या घराशेजारी लाकडी ओटा बांधायचं काम त्याला मिळालं, तेव्हा घरमालक अम्मारने नगरपालिकेतून मंजूर करून आणलेला कागद त्याच्या हातात ठेवला. अम्मार स्वतः शेजारच्याच घरात राहायचा; मध्ये फक्त एक भिंत. कागदावर ओट्याची उंची होती तीस सेंटीमीटर. भिकाजीला हसूच आलं. एका फुटाचा ओटा? त्यावर तर कोंबडीसुद्धा चालत चढेल! लांज्याकडे त्याच्या गावात ओट्याच्या कडेला बसलं की पाय मोकळे लोंबले पाहिजेत, पावसाचं पाणी आणि साप-विंचू खालीच राहिले पाहिजेत. अल खौदला पाऊस आला तर वर्षातून दोनदा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली रंधा मारल्यावर हे त्याचं स्वतःचं पहिलं काम होतं. त्याने चांगला तीन फूट उंच, तीन पायऱ्यांचा देखणा ओटा उभा केला.

ओटा हवा होता त्या घरात भाड्याने राहणाऱ्या बाबामियाँना. मूळचे रत्नागिरीचे, वय ऐंशीच्या घरात, उमेदीची सगळी वर्षं निझव्याच्या बाजारात कापड विकण्यात गेलेली. नात झरीनची मेहंदी येत्या गुरुवारी याच ओट्यावर व्हायची होती. काम पुरं झालं त्या दिवशी भिकाजी मोठ्या ऐटीत त्यांना बोलवायला गेला.

"चाचा, चढा. पहिला मान तुमचा."

बाबामियाँनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या काठीकडे. "मी इथंच बरा रे भिकू. खाली वारा छान लागतो." आणि ते खालीच खुर्ची टाकून बसले. मोठी माणसं मान दुसऱ्याला देतात, अशी भिकाजीने स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी सकाळी नगरपालिकेचा निरीक्षक आला. त्याने टेप खिशातून काढलाच नाही. ओट्यावर खुर्ची ठेवली, तीवर बसला आणि लगेच मान फिरवून उठला. खुर्चीवरून भिंतीपलीकडचं अम्मारचं अख्खं अंगण दिसत होतं. तिथे एक गादी अंथरलेली होती, रिकामी.

"दुसऱ्याच्या घरातलं दिसता कामा नये," तो हिंदीत म्हणाला. "गुरुवारी दुपारी परत येतो. कागदाप्रमाणे नसेल तर तोडावा लागेल."

ती गादी अम्मारच्या आईची होती. ओटा उभा राहिल्यापासून म्हातारी आठ दिवस अंगणात आली नव्हती, कॉफी आत बसून घेत होती. हे कळलं तेव्हा भिकाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अर्बाब, मालक असून बोलला का नाहीत?" त्याने अम्मारला विचारलं.

अम्मार संकोचून हसला. "भाई, घर में शादी है. कैसे बोलेगा?"

इकडे बाबामियाँची सून शहनाज रडकुंडीला आली. "भिकाजीभाई, परवा मेहंदी! इब्र्याहून पाहुणे यायचेत आणि तुम्ही ओटा मोडणार?"

"मोडत नाही भाभी, उतरवतो. पाहुण्यांना फक्त सकाळी लवकर बोलवा. आमच्याकडे छप्पर चढवायला सगळी वाडी लागते, मग ओटा उतरवायला वऱ्हाड लागलं तर काय बिघडलं?"

गुरुवारी सकाळी इस्त्रीच्या कपड्यांतले पंधरा पाहुणे बाह्या सरसावून ओट्याला भिडले. सगळ्यांच्या आधी खांदा लावला तो अम्मारने. भिकाजी "हय्या हो" म्हणून ओरडायचा, अम्मार "यल्ला" म्हणायचा, आणि दोन्हीला मिळून ओटा एकेका बाजूने उचलला जायचा. खाली विटा सरकवायच्या, लाकडी पाय कापायचे, विटा काढायच्या. कुणाचा सदरा फाटला, कुणाच्या अत्तरावर भुसा बसला, पण हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. तीनपैकी दोन पायऱ्या निघाल्या, त्या मुलांनी पळवल्या.

दुपारी निरीक्षक पुन्हा खुर्ची टाकून बसला. समोर भिंत, आणि भिंतीवर फक्त खजुरीचा शेंडा. "खलास," म्हणत त्याने सही केली. थोड्या वेळाने पलीकडच्या अंगणातून कॉफीच्या कपांची किणकिण ऐकू आली, आणि भिंतीवरून खजुराचं ताट अलीकडे आलं. भिकाजीचा जीव भांड्यात पडला.

मग बाबामियाँ खुर्चीतून उठले. काठी टेकली, त्या एकुलत्या एका पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचाही हात न धरता ओट्यावर चढले. झरीनच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसले.

भिकाजी बघतच राहिला. "चाचा, म्हणजे खालचा वारा..."

"कसला वारा रे! तीन पायऱ्या या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. पण तू एवढ्या हौसेने बांधलास, तुझं मन मोडवेना."

भिकाजीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्याने कानावरची पेन्सिल काढली, खाली वाकला आणि बाबामियाँच्या पायांना हात लावला.

"चाचा," तो म्हणाला, "पुढच्या ओट्याला आधी गुडघे बघेन, मग लाकूड."