गवंड्याच्या चपला

बाईंना परक्या भाषेची धास्ती कधीच नव्हती. इथं आपलं कुणाला कळत नाही, जपून राहा, असं लेकीनं हजारदा बजावलं होतं. पण बाई सकाळपासून भाजीवाल्याशी, बसवाल्याशी खणखणीत मराठीतच बोलत होत्या आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. इथली भाषा म्हणजे भांड्यांच्या मांडणीला धक्का लागल्यासारखी. तरी सुरावरून राग की लोभ, एवढं कळतंच की.

घोर होता तो नवऱ्याचा. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. बाई खाली माल कालवायच्या, आणि परांचीवर चढताना हा चपला त्यांच्या हवाली करायचा. मग एकदा वरून पडला. हाड जुळलं, धीर काही जुळला नाही. आता बल्ब बदलायला स्टुलावरही चढेना, नुसता बसून राही. म्हणून तर बाईंनी त्याला लेकीकडे एवढ्या लांब आणलं होतं.

आज दोघं एक जुनं देवालय बघायला आली. चपला चालत होत्या त्या बाहेरच्या मंडपातच बाईंची मान वर गेली ती गेलीच. छतभर सोनेरी वेली, खांबाखांबावर पानं, फुलं, पक्षी. बोटभर जागा मोकळी नाही. एवढी धूळ पुसतं कोण, हा प्रश्न त्यांना देवाआधी पडला.

नवरा मात्र सवयीनं खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करू लागला. गिलावा पोकळ आहे का, हे गवंडी असंच बघतो. पण रखवालदाराला ते कोण सांगणार? तो ओरडत धावून आला. बाई पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या.

"ओ दादा, गवंडी आहे तो," त्यांनी ठणकावलं आणि रिकाम्या हातानं हवेतच थापी फिरवून दाखवली.

रखवालदार गोंधळला. पण मंडपाच्या कोपऱ्यात परांची बांधून डागडुजी करणाऱ्या कारागिराला ती थापी बरोबर कळली. त्यानं हसून भिंतीवर तशीच टकटक केली आणि नवऱ्याला हातानं वर बोलावलं.

बाईंनी चढ म्हणावं तर पडायची भीती, नको म्हणावं तर हा पुन्हा कधी चढायचा नाही. शेवटी त्या शिडीच्या वाटेतून बाजूला झाल्या.

नवरा शिडीची दांडी धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं चपला काढल्या आणि मागं न बघताच पायानं सरकवल्या.

"बघ गं जरा."

बाईंनी त्या उचलून छातीशी धरल्या. डोळे भरून आले होते, तरी रखवालदाराला दटावलंच, "बघतोस काय? शिडी धर नीट."

त्यानं धरली.