पुठ्ठा, रेक्झिन आणि एकवीस पिशव्या

शनिवारी सकाळी सातला सुनेने फ्रीज उघडला आणि दुधाच्या पातेल्यातून आंबूस वास आला. काकड्या मऊ पडल्या होत्या, लोण्याने हातपाय पसरले होते. तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आधी वरच्या फ्रीझरचं दार उघडलं आणि आतल्या पिशव्या एकेक दाबून पाहिल्या. एकवीसच्या एकवीस अजून कडक होत्या. पण त्यांच्यावर एरवी असते ती हिमाची पांढरी भुरी आज नव्हती.

त्या पिशव्यांत तिचं स्वतःचं दूध होतं. दीड महिना रोज पहाटे उठून, पेंगत, पंप लावून तिने ते साठवलं होतं. सोमवारी तिची रजा संपत होती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती, म्हणजे घरी काय नि दारी काय, नशिबी पंपच. पाच महिन्यांची ठकी दिवसभर आजोबांकडे राहणार होती. डब्यातली पावडर ठकीला दोनदा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा तिने ती आजोबांच्या सदऱ्यावर साभार परत केली होती. वितळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही. पिशव्या गेल्या की सोमवार गेला, आणि साहेबांनी एकदा वाढवलेली रजा पुन्हा वाढणार नव्हती.

नवरा जहाजावर होता, तीन महिने तरी परतणार नव्हता. घरात ती, ठकी आणि सासरे. सासरे चाळीस वर्षं बाइंडर होते, फाटकी पुस्तकं बांधून त्यांना दुसरा जन्म द्यायचे. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. 'वस्तू टिकवायची असेल तर तिला कव्हर घाला' हा त्यांचा वेद. रिमोटला कव्हर, घड्याळाला कव्हर, मिक्सरला तर बटणं लावून कोट. त्यांच्याकडे फार वेळ बसू नका, तुम्हालाही कव्हर घालतील, असं शेजारी म्हणायचे.

सुनेने फ्रीजवाल्या मेकॅनिकला फोन लावला.

"किती जुना आहे?" त्याने विचारलं.

"चौदा वर्षं."

"मग कॉम्प्रेसर गेला. नवा घ्या ताई, त्यात आता राम नाही."

"अहो, कॉम्प्रेसर चालू आहे. थांबतच नाहीये, तीच तर तक्रार आहे!"

"मग सोमवारी येऊन बघतो."

"सोमवारी बघून काय उपयोग?" असं म्हणून तिने फोन ठेवला. न बघता मयत जाहीर करणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी राग यायचा. कारखान्यात कुणी एखादा पंप असा नुसता ऐकून बाद केला असता तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

"नवाच घेऊ या का ग?" सासरे दारातून म्हणाले. ठकी त्यांच्या खांद्यावर होती.

"नवा यायला चार दिवस लागतात, बाबा. हाच चालणार आणि आजच चालणार."

तिने केस बांधले. प्लग घट्ट होता, आतला दिवा लागत होता. मग एक कागद दारात धरून दार लावलं आणि ओढला. वरच्या बाजूला कागद अडकला. खालच्या कोपऱ्यात सरकन निघून आला. दाराच्या रबरी पट्टीत तिथे जॅम सांडून वाळलेला होता, त्यामुळे पट्टी नीट टेकतच नव्हती. त्या फटीतून कित्येक दिवस दमट हवा आत जात असणार. फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर हात फिरवला तर हवा येण्याची भोकं बर्फाने बुजलेली.

"हे एक झालं," ती म्हणाली. "पण एवढ्याने फ्रीजची कूस इतकी तापायची नाही. हात लावून बघा, पोळतंय."

खालचे कप्पे काढायला गेली तर ते हाती लागेनात. जाळीच्या प्रत्येक कप्प्यावर, एरवी घरातल्या कव्हरांच्या गर्दीत तिने लक्षही न दिलेला, पुठ्ठा होता, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला, काठ दुमडून चिकटवलेला, आणि इतका मापात कापलेला की भिंतीशी नख शिरायला जागा नाही. थंड हवा वरून खाली यायची ती या जाळीतून आणि कडेच्या फटींतून. सगळ्या वाटा बंद.

"हे कधी केलंत?"

"महिना झाला. जाळीवर डाग पडत होते." सासऱ्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

दोन्ही हात लावून सुनेने फ्रीज पुढे ओढला आणि मागे डोकावली. मागच्या काळ्या जाळीला, जिथून फ्रीज आतली सगळी उष्णता बाहेर टाकतो त्या जाळीला, गडद तपकिरी रेक्झिन चढवलेलं होतं. चारी कोपरे चामड्याच्या पट्टीने मजबूत केलेले. शिवण अशी की एखाद्या ग्रंथालयाने हेवा करावा.

"धूळ बसते म्हणून..." सासरे म्हणाले.

"बाबा, हा इथून श्वास सोडतो. तुम्ही त्याचं नाक बांधलंत!"

हे तिच्या तोंडून तोफेसारखं सुटलं. ठकी दचकून रडायला लागली. सासऱ्यांनी तिला खाली सतरंजीवर ठेवलं, आत गेले आणि आपली बाइंडिंगची सुरी घेऊन आले. गुडघे टेकून बसले आणि शिवण वरपासून खालपर्यंत एका रेषेत उसवली. स्वतः घातलेला टाका त्यांनी आजवर कधी उसवला नव्हता. रेक्झिन गळून पडल्यावर आतून गरम वाफारा आला. मग ते उठून फ्रीझरकडे वळले, सुरी हातातच होती.

"अंहं! बर्फाला सुरी नको," सुनेने त्यांचा हात धरला. "आत गॅसची नळी आहे. एक ओरखडा पडला तर हा खरंच गेला. बर्फ आपला आपण वितळू द्यायचा. बंद करून, दारं उघडी टाकून, पंखा लावून. पाच-सहा तास."

"आणि पिशव्या?"

खरी अडचण तीच होती. फ्रीज वाचवायचा तर तो बंद करायला हवा, आणि बंद केला तर दूध जाणार. शेजारच्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरच्यांचा फ्रीझर गच्च भरलेला. सून भिंतीला टेकून उभी राहिली. दीड महिन्याच्या पहाटा तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि क्षणभर तिला वाटलं, रडावं.

"गार किती वेळ ठेवायचंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. बर्फात मीठ घातलं तर गोठलेलं राहील. पण साधा डबा नाही पुरायचा, बाहेरची ऊब आत शिरते."

"बाहेरची ऊब आत शिरू द्यायची नाही, एवढंच ना?" सासरे म्हणाले. "तू बर्फ आण."

ती कोपऱ्यावरून बर्फ आणि जाडं मीठ घेऊन आली तोवर पेटी उभी होती. फ्रीजमधून काढलेले पुठ्ठे, त्यांच्यामध्ये चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांचे थर, आतून प्लॅस्टिक, बाहेरून तेच उसवलेलं रेक्झिन. झाकण असं बसलं की उघडताना पेटीने दीर्घ उसासा टाकला. पिशव्या मधोमध, भोवती मीठ घातलेला बर्फ, वर जाड दुलई.

दहा वाजता प्लग काढला. दिवसभर दोघांनी मान वर केली नाही. सासरे ओल्या फडक्यांची पाळी सांभाळायचे, ती मऊ ब्रशने मागच्या जाळीतला केसकचरा काढायची. रबरी पट्टी कोमट साबणाच्या पाण्याने धुतली, पुसली, तिच्यावर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. कागदाची परीक्षा चारही कोपऱ्यांत पास झाली. चार वाजता आतून शेवटचा बर्फाचा तुकडा निसटून पडला. भिंतीपासून चांगला वीतभर दूर ठेवून तिने प्लग लावला. फ्रीज घुरघुरला. वरच्या भोकांतून तिच्या मनगटावर गार हवा आली आणि ती मोठ्याने "आली!" असं ओरडली.

फ्रीझर गोठेपर्यंत आठ वाजले. पेटी उघडली. वीस पिशव्या दगडासारख्या. झाकणाजवळची एक तेवढी मऊ पडली होती.

सासरे ती हातात घेऊन बसले. "टिकवायला म्हणून करतो नि मारून बसतो," ते म्हणाले. "फ्रीजचं हे केलं. उद्या पोरीचं काही चुकलं तर? तू कशी ठेवणार तिला माझ्या भरवशावर?"

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. सबंध दिवस तोच प्रश्न तिच्याही मनात होता आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"तुमच्याकडून चुकेल, बाबा. माझ्याकडूनही चुकतं. पण आपला टाका असा उसवणारा माणूस मला कारखान्यात आजवर भेटला नाही." मग त्या मऊ पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पिशवी आजच संपवायला हवी. तुम्ही पाजा."

"बाटली घेत नाही ती."

"माझ्या हातून घेत नाही. मी जवळ असले की तिला माझा वास येतो. मी बाहेर जाते."

ती जिन्यात जाऊन उभी राहिली, दार ओढून घेतलं. आत ठकीने भोकाड पसरलं. सुनेचा पाय दोनदा उंबऱ्याकडे वळला. दोन्ही वेळा तिने कठडा घट्ट धरला. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता, "हे बघ ठकूताई, आपल्याला दोघांनाच जमवायचंय, तिला कामाला जायचंय." रडणं आणखी वाढलं. मग तुटक झालं. मग थांबलं.

सून कान देऊन उभी होती. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बारीक, नेमाने, चुटूक-चुटूक आवाज यायला लागला. ती पायरीवर बसली आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिने येऊ दिलं, कारण आता सोमवारी तिला जायचंच होतं.