यादीतलं सातवं नाव

आल्याचा एक बारीकसा धागा कपाच्या कडेला चिकटून राहिला होता. इख्लासनं तो नखानं काढायचा प्रयत्न केला, तर तो घसरून पुन्हा कॉफीतच गेला — सुदानला, ओम्दुरमानच्या घरी अशी न गाळलेली कॉफी कुणापुढे ठेवली असती तर आईनं चारचौघांत वाभाडे काढले असते, पण इथे युगांडात, कंपालाच्या या दोन खोल्यांत, खाली टायरवाल्याची ठोकाठोक चालू असताना, गाळणी शोधत बसायला वेळ कुणाला होता... साडेदहाला त्या माणसाचा फोन यायचा होता आणि त्याला हो म्हणायचं हे तिनं कालच ठरवून टाकलं होतं.

हो म्हणावंच लागणार होतं. दोन वर्षं ती आणि तिची मैत्रीण हाजिर मिळून ब्लॉगवर रोज युद्धाचा आढावा टाकत होत्या — खार्टूम-ओम्दुरमानात कुठल्या वस्तीवर गोळे पडले, कुठला पूल बंद, पीठ कुठे मिळतंय आणि शेवटी गेलेल्यांची नावं. गेल्या महिन्यात हाजिरनं हात टेकले. स्वप्नातसुद्धा यादीच दिसते म्हणाली. मग जाहिरात दिली: स्वयंसेवक संपादक हवा, पगार नाही, धीर हवा. नऊ अर्ज आले. सगळ्यांना परीक्षा एकच, आदल्या दिवशी आलेले चाळीस आवाजी निरोप ऐकून दहा ओळी लिहा. एकानं कविता पाठवली. एकानं तर आपल्या बाजूचा विजयच परस्पर जाहीर करून टाकला. आणि कसाला शहरातून बद्री म्हणून कुणी होता, त्यानं आठच ओळी लिहिल्या आणि खाली टीप जोडली: ‘अकरावा आणि सव्विसावा निरोप वेगवेगळ्या फोनवरून आलाय, पण बोलणारी बाई एकच आहे. दोन्हींत मागे तीच शेळी ओरडतेय. म्हणून हे नाव घेतलेलं नाही.’

शेळी इख्लासला ऐकूच आली नव्हती. तिनं निरोप तीनदा लावला तेव्हा कुठे ती ओरडली. एका नावाला दोन साक्षी हव्यात, एकमेकांशी संबंध नसलेल्या — हा आढाव्याचा नियम तिनं स्वतः लिहिलेला, आणि त्याचा तिला, शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंना शोभेल इतका, गर्व होता. आता त्या नियमाला कान असलेला माणूस मिळाला होता.

फोन वेळेवर आला. आवाज संथ, प्रत्येक वाक्य पुसून ठेवणारा. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचो म्हणाला, खरखरीतून आवाज वेगळा काढायची सवय आहे. तिनं शेळीचा विषय काढला आणि दोघंही हसले. किती दिवसांनी हसलो आपण, असं तिला वाटून गेलं. कामाचं सगळं ठरलं. मग तिनं रीतीप्रमाणे पूर्ण नाव विचारलं — स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. छापणार नाही, पण आमच्यापाशी असावं लागतं.

“ते आहे तुमच्यापाशी, उस्ताझा,” तो शाळेतल्या बाईंना हाक मारावी तसं म्हणाला. “पहिल्या वर्षीचा चौदा ऑगस्टचा आढावा काढा. सातवं नाव.”

तिनं पान उघडलं. बद्रुद्दीन फदलुल्ला हामिद, रेडिओ दुरुस्ती करणारे, बाजारावरच्या गोळीबारात.

“हे... तुमचे कोण?”

“मीच.”

खाली टायरवाला ठोकतच होता. इख्लासला एकदम थंडी वाजली, भर उन्हाच्या खोलीत. तो दिवस... दोन तासांत तेवीस नावं, नेटवर्क मध्येच यायचं, जायचं, हाजिर रडत होती आणि ती स्वतः रडत नव्हती म्हणून स्वतःवर खूश होती. सातव्या नावाला दोन निरोप होते, एक खार्टूमजवळच्या बहरीहून, एक कैरोहून. दोन्हींत एकच वाक्य — निळी पायघोळ जलाबिया, विहिरीपाशी पडलाय. शब्दन् शब्द तोच! आणि तिला काय वाटलं होतं? दोघं एकच सांगतात म्हणजे खरंच असणार. एकाच बाईचा निरोप कैरोला जाऊन फिरून परत आला होता आणि तिनं त्याला दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं होतं.

तो सांगत राहिला, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतोय. बाजारातून त्याला बंदूकवाल्यांनी उचललं, चौदा महिने गोदामात ठेवलं. इकडे ना मढं, ना कागद. तेव्हा बायकोच्या मामानं आढाव्याचं पान छापून काझीपुढे ठेवलं. काझीनं दोनदा वाचलं आणि मानलं. बायको पांढरी वस्त्रं नेसून इद्दतीला, विधवेच्या सुतकाच्या मुदतीला, बसली, चार महिने दहा दिवस. सगळी वस्ती पळून गेली, पण इद्दतीतल्या बाईनं घर सोडायचं नसतं म्हणून ती गोळ्यांखाली बसून राहिली. नंतर पोर्ट सुदानला गेली. मामानं लग्न लावून दिलं. आता मुलगी आहे तिला, दोन महिन्यांची.

“ती सुखात आहे, मी लांबून पाहून आलो,” बद्री म्हणाला. “तेव्हा दुरुस्ती छापू नका. एवढीच अट.”

“मग हे काम तरी कशाला मागता, भाऊ?”

“माझ्यासारखा आणखी कुणी त्या यादीत जाऊ नये म्हणून. दुपारच्या नमाजापर्यंत कळवा, उस्ताझा. नाही म्हणालात तरी राग नाही.”

फोन ठेवल्यावर तिनं ते पान तळापर्यंत सरकवलं. प्रत्येक पानाच्या तळाशी तिचंच वचन होतं, चूक कळताच त्याच दिवशी दुरुस्त करू. दुरुस्त केली तर पोर्ट सुदानमधली ती बाई एका सकाळीत कुणाची कोण होणार, आणि त्या तान्ह्या पोरीला लोक काय म्हणणार... आणि नाही केली तर आजपासून ही यादी चुकलेली राहणार नव्हती, खोटी होणार होती, आणि ती खोटी ठेवून तिचा संपादक रोज सकाळी इतरांची नावं तपासणार होता. तिनं पान वर सरकवलं. सहावं नाव, पाचवं. ही सगळी तिच्या मनात केव्हाच मिटलेली होती. आता त्यांतल्या एकाही नावावर तिची नजर ठरेना.

आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि लाजेनं तिचे कान तापले. आमच्याकडे कुणी प्रवासातून आला, आजारातून उठला, नुसता बाजारातून जरी परत आला, तरी आधी म्हणतात, हमदिल्ला अस्सलामा — सुखरूप आलास, देवाची कृपा. मी ते पाणीवाल्याला म्हणते. मेलेला माणूस माझ्याशी पाऊण तास बोलला, माझ्याबरोबर हसला, आणि मी त्याला ते म्हटलं नाही. विसरले नव्हते. मला तो जिवंत असल्याची भीती वाटली होती.

तिनं त्याचा नंबर समोर आणला. शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडले, कारण ते उच्चारले की तो परत आलेला असणार होता, तिच्या तोंडून, आणि मग सातव्या नावाचं काय करायचं हे तिलाच ठरवावं लागणार होतं. दुपारच्या बांगेला अजून बराच वेळ होता, आणि तो कधीच सरू नये असं तिला वाटत होतं.