भैरोबाच्या छताचा कौल

प्राचीन मंदिरस्थापत्याचे गाढे अभ्यासक डॉ. अमृतराव सांगलीहून वडूजनजीकच्या भैरोबाच्या देवळात आले, तेव्हा यादवकालीन खांब गुलाबी ऑइल पेंटने न्हाऊन निघालेले होते. उघडे उरले होते ते केवळ छत. त्यावर पाथरवटांनी कोरलेल्या खुणांवर अमृतरावांच्या साऱ्या संशोधनाची इमारत उभी होती. खुणा इतक्या पुसट, की छायाचित्रात उमटत नसत. कागदी ठसेच घ्यावे लागत. ते काम मात्र त्यांनी शाली आणि नारळ स्वीकारण्याच्या नादात वर्षानुवर्षे लांबविले होते. आता रंगारी शिडी लावून उभा होता.

"थांबवा हा अविचार!" ते गरजले.

देवस्थान समितीचे अध्यक्ष दादासो तंबाखू मळीत म्हणाले, "आवं सायेब, यात्रा तोंडावर आलीया. देवाला काळ्याठिक्कर घरात बसवू व्हय?"

"हे देऊळ आठशे वर्षांचे आहे!"

"मग? म्हाताऱ्या मान्सालाच पावडर लागती, लेकरा," पायरीवरची तानुबाई म्हणाली आणि मंडपभर हशा पिकला.

गाढवांना गुळाची चव काय, असे अमृतराव मनोमन पुटपुटले. देऊळ सरकारच्या संरक्षित यादीत नसल्याने कायद्याचा धाक घालणेही शक्य नव्हते. अखेरीस ते बोलून गेले, "देवालाच कौल लावा!"

"मागं आमच्या सत्काराच्या भाषणात तर कौलाला अडाणीपणा म्हणत हुता की, सायेब!" दादासोंनी चिमटा काढला.

जालिंदर गुरवाने देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटविल्या. उजवी पडली तर छत उघडे राहावे, डावी पडली तर रंगवावे. परंतु पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. अमृतरावांनी वाकून पाहिले. सकाळीच रंगाऱ्याने मूर्तीलाही सोनेरी हात दिला होता, हे उत्साहाच्या भरात कोणाच्याच ध्यानी राहिले नव्हते.

"रंग ओला आहे! वाळल्यावर पुन्हा लावा!"

"देव काय तुमच्या कॉलेजातलं पोरगं हाय, फेरपरीक्षा घ्यायला?" दादासो म्हणाले. "देव गप बसला. आनि आमच्यात गप बसणं म्हंजे व्हय. चढ रं वर!"

पहिलाच फटकारा खुणांवर बसला. वर पाहणाऱ्या अमृतरावांच्या चष्म्यावर गुलाबी थेंब टपकला, तेव्हा तो महापंडित जगबुडी झाल्यागत हडबडला आणि चष्मा पुसायला रंगाऱ्याकडेच टर्पेंटाइन मागू लागला.