कोरडा डायपर

लेकीचा, आब्रिलचा डायपर सकाळपासून कोरडा होता, लघवीचा थेंब नव्हता, आणि फाबियानचा पाय एका जागी ठरत नव्हता. इस्पितळाच्या व्हरांड्यात तो खिडकीपर्यंत जाई, परत येई, आणि दर खेपेला बाकावर बसलेल्या सासूकडे डोळे वटारून बघे. जुलाब थांबवायची गोळी पोरीला तिनंच चारली होती. अजून तीन वर्षंही पुरी न झालेली पोर, शौचातून रक्त जातंय, आणि ही बाई कपाटातल्या गोळ्या शोधत बसते म्हणजे कमाल झाली.

तोंड आवरणं फाबियानला कधी जमलंच नाही. काल त्यानं सासूला, नेलिदाला, सगळ्यांसमोर धुऊन काढलं होतं. ती एका शब्दानं उलटली नाही. तिची मुलगी रोसीओ, म्हणजे फाबियानची बायको, हिनं तर आईशी बोलणंच टाकलं.

स्वतःबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजावं तर फाबियाननं, असं अख्खी गल्ली म्हणे. मोठ्यांना आतून लाल, रसाळ तुकडे. पण कच्च्या मांसातून लहान पोरांना होणाऱ्या या दुखण्याची धास्ती आर्जेंटिनातल्या कुठल्या बापाला नसते? पोरीचा तुकडा तो वेगळा ठेवी आणि पार काळा होईस्तोवर भाजी. पोरीला चपलेचा तळ चारतोस, म्हणून मेहुणे टिंगल करत. करोत बापडे.

दुपारी डॉक्टर एचेगाराय बाहेर आल्या. तांबड्या पेशी फुटताहेत, मूत्रपिंडं अडली आहेत, पोटात नळी घालून डायलिसिस करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. कोवळं वय, रक्ताचे जुलाब, उलट्या, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, वर ती गोळी. धोका वाढवणारं बरंच काही एकत्र आलं होतं.

"म्हणजे गोळीनंच केलं सगळं," फाबियान म्हणाला.

"गोळीनं भर घातली असेल. पण जंतू त्याआधीच पोटात गेला होता. तो कशातून गेला?"

मांस नीट भाजलं होतं, हे तो छातीठोकपणे सांगू लागला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मांसासोबत काय खाल्लं, ते विचारलं.

टोमॅटो, तो म्हणाला, पाव... आणि तिथंच अडखळला. कच्चं मांस ज्या फळीवर ठेवलं होतं, त्याच फळीवर त्यानं भाजलेलं कापलं होतं. आब्रिल पायाशी लुडबुडत होती. त्यानं पावाचा तुकडा फळीवरच्या लाल रसात फिरवून तिच्या तोंडात घातला. त्याच्या बापानं त्याला असाच भरवला होता. तिनं आणखी मागितला, त्यानं आणखी दिला.

डॉक्टर आत गेल्या. फाबियान पहिल्यांदाच सासूच्या शेजारी बसला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"नेलिदाबाई, तो पाव..."

"पाहिला होता मी."

"मग काल बोलला का नाहीत?"

"गोळी तर मीच दिली ना रे. आणि माझ्या रोसीओला आधाराला कुणीतरी नको? माझ्यावर चिडलीच होती. तुझ्यावरही चिडली असती, तर तिनं जायचं कुणाकडे?"

फाबियान तिच्याकडे वळला. तेवढ्यात आतून त्याला बोलावणं आलं.

रोसीओ लेकीवर वाकलेली होती, परिचारिका सुई टोचायला शीर शोधत होती. फाबियाननं उभ्या उभ्याच पावाचं सगळं सांगून टाकलं. रोसीओनं मान वर केली नाही.

"पाय धर तिचा, हलतेय," ती म्हणाली. सुई टोचून झाल्यावर म्हणाली, "आणि माझ्या आईला आत बोलव."