दोन इंचांची वजाबाकी

मी उंची मोजायची पट्टी बोलतेय, आणि जरा चढ्या आवाजात बोलतेय. गेल्या आठवड्यात कंत्राटदाराचा माणूस आला आणि माझ्यावर लाल खडूनं फुली मारून गेला. या उन्हाळ्यात जिमची दुरुस्ती निघाली की मला इथून काढणार. माझ्या जागी दिवे लागणारं, आकडे दाखवणारं यंत्र येणार आहे म्हणे. काढा, माझी काही हरकत नाही. पण बर ओक कॉलेजच्या या पॅसेजमध्ये मी पासष्ट वर्षं उभी आहे, आणि याच एप्रिलमध्ये मला चारचौघांत खोटं ठरवलं गेलं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मी भिंत सोडणार नाही.

माझा जन्म उरलेल्या लाकडातून झाला. हे जिम बांधलं तेव्हा मैदानासाठी मेपलच्या फळ्या आणल्या होत्या, त्यातली एक जास्तीची निघाली. कॉलेजचे सुतार ॲल्विन स्टास्नी यांना लाकूड वाया गेलेलं बघवत नसे. त्यांनी मला तासलं, पोलादी फुटपट्टी लावून अंगावर इंचाइंचाच्या खुणा डागल्या, डोक्यावर टेकवायला एक सरकता ठोकळा बसवला आणि लॉकर रूमच्या वाटेवर, कोचच्या ऑफिसच्या दाराशेजारी मला स्क्रूंनी आवळून टाकलं. बाकीच्या फळ्या आडव्या झाल्या आणि त्यांचं मैदान झालं. मी उभी राहिले.

"आता इथं कुणाची लबाडी चालायची नाही," स्टास्नी हात झटकत म्हणाले होते. बिचारे! लबाडी भरपूर चालली. फक्त माझ्यापाशी चालली नाही.

बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना उंचीचं जे वेड असतं ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. एकावर एक दोन मोजे चढवून येणारे पाहिले, मोज्यात पुठ्ठा घालणारे पाहिले. टाचा हळूच उचलायच्या आणि पकडलं की "पायात गोळा आला" म्हणायचं, हे तर नेहमीचंच. एक पठ्ठ्या सकाळी अंथरुणातून उठून तडक इथं आला, कारण रात्रभर आडवं पडलं की माणूस थोडा वाढतो असं त्याला कुणी सांगितलं होतं. (वाढतो. पण दुपारपर्यंत पुन्हा होता तेवढा होतो.) एकानं डोक्यावर केसांचं हे एवढं टोपलं वाढवलं होतं. मोजणाऱ्यानं ठोकळा दाबला तर म्हणतो, "केस पण माझेच आहेत ना?"

मी कुणाचं ऐकत नाही. ठोकळा टेकतो, आकडा दिसतो, संपलं. पण तो आकडा ऑफिसच्या दारातून आत गेला की तिथं फुगतो. सहा फुटांचा मुलगा छापील यादीत सहा-दोन होतो, सहा-तीनचा सहा-पाच. सगळीच कॉलेजं हे करतात, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि कुणी कुणाला विचारत नाही.

गॉर्डन व्हर्बा हे आमचे कोच. त्यांना मी ते विशीतले खेळाडू होते तेव्हापासून ओळखते. पाच फूट अकरा इंच. त्या दिवशी त्यांनी तीनदा मोजून घेतलं, तिसऱ्यांदा तर डोळे घट्ट मिटून उभे राहिले. मी तरी काय करणार? पाच-अकरा म्हणजे पाच-अकरा. त्या वर्षीच्या संघाचा फोटो माझ्या शेजारीच टांगलेला आहे आणि त्याखाली छापलंय, 'गॉर्डन व्हर्बा, ६ फूट १ इंच'. चाळीसहून जास्त वर्षं मी त्या ओळीला खांदा लावून उभी आहे. मला काय वाटलं असेल ते कुणी विचारलं नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. एखाद्या पोराचे वडील आजारी पडले तर दोनशे मैल गाडी हाकत भेटायला जातील. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळतील, टरफलं कागदी कपात थुंकतील आणि हरलेल्या पोराच्या शेजारी काही न बोलता अर्धा तास बसतील. पण आपण जे केलं तेच सगळं जग करतं, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलेलं. कुठल्याही नव्या मुलाचा अर्ज हातात आला की त्यावरच्या उंचीतून दोन इंच कापायचे. विचारपूस नाही, काही नाही. ऑफिसात याला 'व्हर्बा वजाबाकी' म्हणत. ती बहुतेक वेळा बरोबर निघायची, हीच तर पंचाईत होती.

या मार्चमध्ये हंगाम संपला. रिंगखाली खेळणारा आमचा उंच गडी पदवी घेऊन निघाला आणि जागा रिकामी झाली. आमच्यासारख्या लहान कॉलेजाकडे खेळाडू आपणहून चालत येत नाहीत. मोठ्यांनी उचलून उरलेल्यांतून हुडकावे लागतात. फोन करा, गावोगावच्या शाळांच्या लाकडी बाकांवर बसून सामने बघा, आयांशी गोड बोला, पोराला कॅफेटेरियात पोटभर जेवू घाला. हे सगळं सहायक कोच डेमरी बोटराइट करायचा. ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर त्यानं अकरा होतकरू पोरांची नावं लिहिली होती. दार उघडं असलं की मला फळा दिसतो. ऐकू तर बंद दारातूनही येतं.

"हा कोल्टन हार्म्स," बोटराइट म्हणाला. "इथून चाळीस मैलांवरचा. सहा-चार. कोच, रिंगवरून परतलेल्या चेंडूसाठी हा असा झोंबतो, की शेवटी समोरचाच कंटाळून सोडून देतो."

"सहा-चार म्हणजे सहा-दोन," व्हर्बांनी कपात टरफल थुंकलं. "सहा-दोनचा मुलगा रिंगखाली काय करणार? लोकांच्या काखा हुंगणार? पूस."

"एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर..."

"पूस रे बाबा. माझा वेळ नको खाऊस."

बोटराइटनं नाव पुसलं. पण नीट नाही पुसलं. हार्म्समधला 'ह' पुढे कित्येक दिवस पुसट दिसत होता, आणि तो चुकून राहिला असं मला वाटत नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी नव्या विद्यार्थ्यांना कॉलेज दाखवायचा दिवस होता. दुपारी पॅसेजमध्ये एक उंच, लाल कानांचा मुलगा आणि त्याची आई येऊन उभे राहिले. आईचं नाव जोलीन. लोकांच्या घरी लाकडी जमिनी बसवणं हे तिचं काम, आणि ती कामावरूनच आलेली दिसत होती. पँट गुडघ्यांवर झिजलेली, कमरेला मोजायचा पोलादी टेप. बोटराइट ऑफिसातून बाहेर आला आणि मुलाला बघून जागीच थबकला.

"तुमचा फोन येणार होता," कोल्टन म्हणाला. "मी तीन आठवडे वाट बघितली."

बोटराइटनं ऑफिसचं दार मागे ओढून घेतलं. मग त्यानं खरं ते सांगून टाकलं, आणि त्यासाठी मी त्याला आजही मानते. "कोचनी तुझ्या उंचीतून दोन इंच कापले. आमच्याकडे सगळ्यांचेच कापतात. सगळे वाढवून लिहितात ना."

"पण मी वाढवून लिहिलं नव्हतं."

"घ्या!" जोलीन उसळली. "याच्या शाळेतला कोच कानीकपाळी ओरडत होता, सहा-सहा लिही, सगळे लिहितात. मीच म्हटलं, आहे तेवढं लिही. म्हणजे याला माझ्या शहाणपणानं बुडवलं म्हणायचं. खोटं लिहिलं असतं तर बोलावणं आलं असतं, होय ना?"

कोल्टन आईला "जाऊ दे गं" म्हणत होता, पण त्याचा आवाज काही 'जाऊ दे'चा नव्हता. दुसऱ्या दोन कॉलेजांनी त्याच्या पत्राला साधं उत्तरही धाडलं नव्हतं. या दारातून तो तसाच परत गेला असता तर त्याचा बास्केटबॉल इथंच संपत होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. माझ्या अंगाला पाठ लावून, टाचा भिंतीला टेकवून तो उभा राहिला. तीन वेळा नाही, एकदाच. डोळे उघडे. बोटराइटनं ठोकळा खाली आणला.

"सहा-चार," तो म्हणाला. "आणि वर पाव."

आवाज ऐकून व्हर्बा बाहेर आले. पॅसेजमध्ये एव्हाना संघातली पाच-सहा पोरं जमली होती. व्हर्बांनी ठोकळ्याकडे पाहिलं, मुलाच्या पायांकडे पाहिलं, आणि हसले.

"अरे, या पट्टीचं काय धरून बसलात! जुनी झालीय ती. खाली घसरली असेल कधीची. इथं सगळेच उंच निघतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी? मी घसरले? माझ्यासमोर ज्यानं डोळे मिटून तीनदा उभं राहून पाहिलं आणि तरी ज्याला मी एक इंचही दिला नाही, तो माणूस मला म्हणतो घसरलीस? मला तोंड असतं तर त्या फोटोखालची ओळ मी मोठ्यानं वाचून दाखवली असती.

पण जोलीननं कमरेचा टेप काढला होता. ती खाली गुडघे टेकून बसली, टेपचं टोक जमिनीला दाबून धरलं आणि दुसरं माझ्या सहा फुटांच्या खुणेपर्यंत ओढलं.

"बहात्तर इंच," ती म्हणाली. "बरोब्बर बहात्तर. मी रोज पोटासाठी मापं घेते, मला दिसतं." मग तिनं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "मेपल आहे. मैदानातलंच लाकूड दिसतंय. ज्यानं बसवलं त्याला काम येत होतं."

पासष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं.

उठता उठता तिची नजर शेजारच्या फोटोवर गेली. फोटोखालची नावं तिनं सावकाश वाचली, आणि वळून व्हर्बांकडे नखशिखांत पाहिलं.

"हे तुम्हीच का, कोच? सहा-एक? या की मग. पट्टी घसरलीय का ते आत्ता कळेल. बूट काढून या."

"आता वय झालं, मॅडम," व्हर्बा म्हणाले.

"उभं राहायला वय लागत नाही."

पोरं आणखी जवळ सरकली. व्हर्बांना ऑफिसात जाऊन दार लावता आलं असतं. मला वाटलं, लावतीलच. पण त्यांनी बियांचा कप खिडकीत ठेवला, वाकून बूट काढले आणि येऊन माझ्याशी पाठ लावून उभे राहिले. त्यांची पाठ मला ओळखीची वाटली. ठोकळा बोटराइटनंच टेकवला.

"पाच-दहा," तो पुटपुटला. "एक इंच वयानं खाल्ला असेल, कोच."

"आणि बाकीचे दोन?" जोलीननं विचारलं.

व्हर्बा माझ्यापासून दूर झाले नाहीत. तिथंच, मोज्यांवर उभे राहून म्हणाले, "ते माझे नव्हतेच कधी." आणि मग कोल्टनकडे वळले. "बूट घाल. ही पोरं आत्ता खेळणारच आहेत, त्यांच्यात जा. मी बाकावर बसून बघतो. उंची बघणार नाही."

मैदान मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तासभर बुटांची चरचर ऐकली, रिंगवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज ऐकला, आणि प्रत्येक आपटण्यानंतर कुणीतरी वैतागून ओरडलेलं, "परत यानंच घेतला!" परत आल्यावर व्हर्बा बोटराइटला म्हणत होते, "डाव्या हातानं त्याला कपसुद्धा धरता येत नाही." मग त्यांनी स्वतः मार्कर उचलला आणि त्या पुसट 'ह'वर पुन्हा नाव लिहिलं.

मे महिन्यात कोल्टन सही करायला आला. कॉलेजच्या बातमीपत्रात नव्या खेळाडूंची माहिती द्यायची होती.

"उंची?" बोटराइटनं विचारलं.

"सहा-सहा," व्हर्बा बोलून गेले. सवय!

"सहा-चार," कोल्टन म्हणाला.

"अरे, ऐक माझं. बाकीची कॉलेजं सहा-चार वाचतील आणि म्हणतील, हा सहा-दोनचा."

"म्हणू दे," मुलगा म्हणाला. "पहिल्या सामन्यात माझ्याशेजारी उभे राहतील ना ते."

बोटराइट इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. व्हर्बा हसले नाहीत. त्यांनी कागदाचा एक तुकडा कापला, त्यावर पेननं काहीतरी लिहिलं आणि बाहेर येऊन फोटोखालच्या त्या ओळीवर चिकटवली. '५ फूट ११ इंच'. चार दशकांनी मी आणि तो फोटो एकच बोलू लागलो. कागद जरा वाकडा लागलाय, पण मला चालेल.

तर अशी मी. आता अंगावर फुली आहे. व्हर्बा म्हणतात, दुरुस्तीनंतर मला पुन्हा लावू. कंत्राटदार म्हणतो, जागा नाही. जोलीन म्हणाली आहे, नको असेल तर माझ्या गाडीत टाका. कुणाचं चालेल ते चालो. मी यंत्राला घाबरत नाही. त्याला दिवे आहेत, पण त्याचे आकडेही अखेर याच दारातून आत जाणार आहेत, आणि तिथं माणसंच बसलेली असणार.

माझं मागणं एवढंच आहे. न्याल तिथं मला सुखरूप न्या, आणि माझ्या पायाखाली सपाट जमीन असू द्या. मग बूट काढा, टाचा टेकवा, आणि बिनधास्त विचारा. तुम्ही आहात तेवढेच मी सांगेन. त्याहून इंचभरही कमी सांगणार नाही.