गोदाआत्याचा हातगुण

कोरेगावच्या शिवारात अनंत कुंभाराची वीटभट्टी आहे. तिथं दरवर्षी पहिला विस्तव लावायला कुंडलहून त्याची गोदाआत्या यायची. अनंताच्या वडिलांची पहिलीवहिली भट्टी तिनंच पेटवली होती, आणि ती वीट अशी काही उतरली की आत्याच्या हातगुणावर सगळ्या घराचा विश्वास बसला. म्हातारी एसटीनं यायची, नारळ फोडायची, पलिता लावायची आणि जेवून परत जायची.

यंदा भट्टी उघडली, तर आतल्या विटा नखानं खरवडाव्यात इतक्या कच्च्या. अनंत माणूस तसा वाईट नाही, पण नुकसान झालं की खापर फोडायला त्याला दुसऱ्याचं डोकं लागतं. आत्या नेमकी विटा बघायला आली होती. सगळ्या कामगारांदेखत तो म्हणाला, "आत्या, तुमच्या हाताचा गुण गेला आता. फुडच्या भट्टीला येऊ नगासा."

आत्या "बरं बाबा" म्हणाली आणि न जेवता एसटीला लागली.

दुसरी भट्टी अनंतानं आपल्या मुलीच्या, श्रद्धाच्या हातून पेटवली. ती उघडली तर विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या, काळ्या खंगर, पहारीनं फोडाव्या लागल्या. आता पोटच्या पोरीला काय म्हणणार?

खरं कळलं ते न्हाणीत. भट्टीवर उरलेला कोळसा अनंताची बायको पाण्याच्या बंबात घालायची. पहिल्या भट्टीला आलेल्या गाडीतला घातला, त्या दिवशी पाणी कोमटच राहिलं, आणि बंब झाडला तर कोळशाएवढीच राख. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भट्टीच्या गाडीतला घातला, तर लांब जाळ उठला, पाणी खळखळा उकळलं आणि राख चिमूटभर.

त्यानं कोळसा पुरवणाऱ्या इलियासला फोन लावला.

"दोन खाणींचा माल हाय त्यो," इलियास म्हणाला. "एकात निम्मी माती, दुसरा लय तेज. पेटवून बघा आन् मगच माप ठरवा, म्हनलं हुतं की तुमाला."

म्हणाला होता खरा. अनंतानं ऐकलं नव्हतं. कोळसा तो कोळसा, त्यात काय बघायचं, म्हणून वडिलांच्या वेळच्या मापानं दोन्ही कोळसे सारखीच घमेली भरून थरांत ओतले होते. एक कमी पडला, दुसरा जास्त झाला. आणि बोल लावला कुणाला, तर जिनं फक्त काडी ओढली तिला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोच्या नजरेला नजर देण्याचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तो कुंडलला गेला. आत्याची नातसून अबोली मागच्या दारी धुणं धूत होती. सोप्यात पाळण्यात तान्हं बाळ रडत होतं, आणि आत्या भिंतीशी बसून लांबूनच दोरी ओढत होती.

अनंतानं तिचे पाय धरले. "आत्या, चूक माजी हाय. कोळसा दोन जातीचा हुता, मी बघितलाच न्हाई. तुमच्या हाताचा काय दोष न्हाई." बंबाची, राखेची, फोनची सगळी हकिकत त्यानं सांगितली. सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

"आसंल बाबा, कोळशाचंच आसंल," आत्या म्हणाली.

बाळ आणखी मोठ्यानं रडायला लागलं. "घ्या की त्याला," अनंत म्हणाला.

"न्हाई रं. मी अजून हातबी लावला न्हाई त्याला. पयली आंगूळ पणजीनंच घालायची, म्हनून अबोली लय मागं लागली हुती. मीच नगं म्हनलं."

अनंतानं बाळाला पाळण्यातून उचललं आणि आत्यापुढं धरलं. बाळ तिच्या नाकाकडे बघत गप्प झालं. आत्याचे हात उचलले गेले, मग तिनं ते पदराखाली ओढून घेतले.

"तुजं खरं आसंल, अनंता," ती म्हणाली. "पर ही काय वीट न्हाई."